६० टक्के, पण कशाचे?

समजा, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका घरात तीन जण राहतायत. एक पुण्याहून मास्टर्स करायला गेलेली मुलगी. स्टुडंट व्हिसावर आहे, जाऊन जेमतेम सहा महिने झालेत. दुसरा पॅरिसचा मुलगा, दहा वर्षं तिथेच नोकरी करतोय, वेळच्या वेळी टॅक्स भरतोय, पण पासपोर्ट अजून फ्रान्सचाच. तिसरा घरमालकाचा मुलगा, तिथेच जन्मलेला आणि वाढलेला, वय वर्षं सतरा. आता सांगा, उद्या ब्रिटनच्या संसदेची निवडणूक लागली तर या तिघांपैकी मत कोण देऊ शकेल?

उत्तर आहे, पुण्याची मुलगी. फक्त तीच!

खरं वाटत नाही ना? पण कायदा असाच आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण केलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या संसदेसाठी मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, फ्रान्स नाही. २०१६च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतातही हेच घडलं. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की नाही, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांना मत होतं. ज्यांचं सगळं आयुष्य त्या निकालावर अवलंबून होतं, त्या बहुतेक युरोपियन नागरिकांना मात्र नव्हतं.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण म्हणजे २०२३ या एका वर्षात लाखाहून जास्त भारतीय विद्यार्थ्यांना ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा मिळाला. तुमच्या वर्गातलं, तुमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी तिथे असेलच. त्यांच्यातल्या किती जणांना हा हक्क माहीत आहे? पण हा प्रश्न फक्त आपल्या मुलांचा नाही. मत कुणाला आहे आणि मत प्रत्यक्षात कोण देतं, यात जी दरी असते ती ब्रिटनमध्ये सध्या चांगलीच रुंद झाली आहे. आणि ती दरी सगळ्यात जास्त जाणवते ती आपल्याच वयाच्या मुलांमध्ये.

पाच मतांचा विजय

आधी पुण्याच्या मुलीला हा हक्क मिळाला कुठून, ते पाहू. याचं मूळ साम्राज्यात आहे. साम्राज्यातला प्रत्येक माणूस कायद्याने ‘ब्रिटिश प्रजा’ होता. भारतात राहून त्याला काडीचा अधिकार नसला, तरी तो इंग्लंडमध्ये राहायला गेला आणि तिथल्या अटींत बसला, की मत देऊ शकत होता, निवडणूकही लढवू शकत होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून खासदार झाले ते याच दारातून. किती मतांनी? फक्त पाच! त्यांच्या पाठोपाठ मुंबईतच जन्मलेले मंचेरजी भावनगरी आणि शापुरजी सकलातवालाही तिथल्या संसदेत पोहोचले. साम्राज्य संपलं, ‘प्रजा’ जाऊन ‘राष्ट्रकुलाचे नागरिक’ हा शब्द आला, पण मताचा हक्क तसाच राहिला.

गंमत म्हणजे दादाभाई निवडून आले तेव्हा खुद्द ब्रिटनमधल्या एकाही बाईला संसदेसाठी मत नव्हतं आणि अनेक गरीब पुरुषांनाही नव्हतं. लोकशाहीची जननी वगैरे आपण म्हणतो, पण तिथे मताचा हक्क हप्त्याहप्त्याने मिळालाय. १८३२, १८६७ आणि १८८४च्या कायद्यांनी पुरुषांमधले थोडे थोडे गट आत घेतले. १९१८ साली २१ वर्षांवरच्या जवळपास सगळ्या पुरुषांना मत मिळालं, बायकांना मात्र वय ३०च्या पुढे आणि मालमत्तेची अट. स्त्री-पुरुषांना सारखा हक्क मिळायला १९२८ उजाडलं. म्हणजे पहिल्या सुधारणेपासून ९६ वर्षं! आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सगळ्या प्रौढांना एका झटक्यात मत मिळालं, ते किती मोठं पाऊल होतं हे यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट तर आपल्यासाठीच आहे. १९४५च्या निवडणुकीपर्यंत ऑक्सफर्ड, केम्ब्रिज अशा विद्यापीठांच्या पदवीधरांना दोन मतं देता येत होती, एक राहत्या ठिकाणचं आणि एक विद्यापीठाच्या वेगळ्या मतदारसंघातलं. १९४८च्या कायद्याने हे बंद झालं. एके काळी कॉलेजात शिकलं म्हणून जिथे जादा मत मिळायचं, तिथेच आज कॉलेजात शिकणारे मतदार यादीतून सगळ्यात आधी गळतात. ते कसं?

टक्केवारीच्या आत काय लपलंय?

मास कॉमच्या वर्गात आम्हाला एक सवय लावली जाते. टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न विचारायचा, ‘कशाची?’

१९५०च्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये जवळपास ८४ टक्के मतदान झालं होतं. १९९२ साली ते ७८ टक्क्यांच्या आसपास होतं. २००१ साली थेट ५९.४वर घसरलं, पुढे हळूहळू सावरलं आणि ४ जुलै २०२४ला पुन्हा ५९.७वर आलं. लेबर पार्टीने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या, किअर स्टार्मर पंतप्रधान झाले, पेपरांनी ‘प्रचंड विजय’ अशा हेडलाइन्स दिल्या. आता आकडे नीट बघा. लेबरला मिळालेली मतं होती ३३.७ टक्के. झालेल्या मतदानाची एक तृतीयांश. आणि मतदानच ६० टक्के. म्हणजे यादीत नाव असलेल्या पाचांपैकी फक्त एकाने लेबरला मत दिलं होतं, आणि जागा मिळाल्या ६३ टक्के.

पण थांबा, हे ६० टक्केसुद्धा यादीत नाव असलेल्यांचे आहेत. सुमारे ४ कोटी ८२ लाखांची यादी, त्यातली सुमारे २ कोटी ८८ लाख मतं. ज्यांचं नाव यादीतच नाही ते या हिशोबात कुठेच नाहीत. तिथल्या निवडणूक आयोगाने २०२३ साली अंदाज दिला होता, की मताचा हक्क असूनही यादीत नसलेले किंवा चुकीच्या पत्त्यावर असलेले लोक ८० लाखांपर्यंत असू शकतात. त्यांना धरलं तर ६०चा आकडा आणखी खाली जातो.

हे ८० लाख कोण? जे सारखं घर बदलतात ते. स्वतःच्या, कर्ज फिटलेल्या घरात राहणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोक यादीत सापडतात. खासगी घरमालकाकडे भाड्याने राहणाऱ्यांपैकी ६५ टक्केच. आता विचार करा, दर वर्षी नवं घर, नवे रूममेट्स, नवा पत्ता कुणाचा असतो? विद्यार्थ्यांचा आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्यांचा.

पूर्वी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कुटुंबातला एक जण घरातल्या सगळ्यांची नावं भरून द्यायचा. विद्यापीठंसुद्धा हॉस्टेलमधल्या सगळ्या मुलांची नोंदणी एकदम करून टाकायची. २०१४ पासून ज्याने त्याने आपापली नोंदणी करायची असा नियम आला. हेतू वाईट नव्हता. बोगस नावं टळावीत, कुणाचं मत घरातल्या मोठ्याच्या हातात राहू नये, हा होता. पण परिणाम काय झाला? जो माणूस तीस वर्षं एकाच घरात राहतोय त्याला काहीच करावं लागलं नाही, आणि जो दर सप्टेंबरला बॅगा उचलतो त्याला दर वेळी फॉर्म भरावा लागतो.

त्यात २०२४ची तारीख. ऋषी सुनक यांनी २२ मे रोजी भर पावसात उभं राहून ४ जुलैची निवडणूक जाहीर केली. तोपर्यंत बऱ्याच विद्यापीठांची टर्म संपलेली असते, मुलं हॉस्टेल सोडून घरी किंवा कामाला गेलेली असतात. तिथे विद्यार्थ्याला घरच्या आणि कॉलेजच्या, दोन्ही पत्त्यांवर नाव ठेवता येतं. संसदेसाठी मत मात्र एकाच ठिकाणी द्यायचं. सोय चांगली आहे, पण ती माहीत असेल तरच उपयोगाची!

आजोबांचा पास चालतो, नातवाचा नाही

आता ओळखपत्राकडे येऊ. आपल्याकडे मतदानाला ओळखपत्र दाखवणं इतकं अंगवळणी पडलंय, की ब्रिटनमध्ये २०२३पर्यंत नुसतं नाव-पत्ता सांगून मत देता यायचं, याचंच आश्चर्य वाटेल. (नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मात्र ओळखपत्र आधीपासून लागतं.) २०२२च्या कायद्याने फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं केलं. मे २०२३च्या स्थानिक निवडणुकांत ते पहिल्यांदा लागू झालं आणि २०२४ची निवडणूक ही अशी पहिली सार्वत्रिक निवडणूक ठरली.

वाद झाला तो यादीवरून. ज्येष्ठांचा बस पास चालतो. लंडनमधलं साठीच्या वरच्यांचं ऑयस्टर कार्डही चालतं. पण अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांचं ऑयस्टर कार्ड चालत नाही आणि विद्यापीठाचं आयडी कार्डही नाही. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, अगदी शिकाऊ लायसन्ससुद्धा चालतं, आणि काहीच नसेल तर सरकार मोफत प्रमाणपत्र देतं, हेही सांगायला हवं. पण एकाच शहरात, एकाच बसमध्ये बसलेल्या आजोबांच्या खिशातला पास मतदानाला चालतो आणि नातवाचा नाही, यातून नातवाने काय समजायचं?

या नियमाचा फटका कुणालाही बसू शकतो. मे २०२४मध्ये एक गृहस्थ ओळखपत्र न घेताच मतदान केंद्रावर गेले आणि त्यांना परत पाठवलं गेलं. त्यांचं नाव बोरिस जॉन्सन. हा कायदा त्यांच्याच सरकारने केला होता! ते ओळखपत्र आणून पुन्हा आले आणि मत देऊन गेले.

तरी सगळं खापर ओळखपत्रावर फोडून चालणार नाही. जुलै २०२४मध्ये केंद्रावर येऊनही ओळखपत्राअभावी मत न देता परतावं लागलेल्यांचं प्रमाण निवडणूक आयोगाच्या मते सुमारे ०.०८ टक्के होतं, म्हणजे साधारण १६ हजार लोक. जे घरूनच निघाले नाहीत ते यात येत नाहीत, हे खरं. पण मतदान ६७वरून ६०वर आलं, ते एवढ्याने नाही. तेव्हा मोठं कारण दुसरं होतं. निकाल काय लागणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि दोन्ही मोठ्या पक्षांबद्दल लोकांना फारसा उत्साह नव्हता.

एका मताने काय होतं?

‘माझ्या एका मताने काय फरक पडणार?’ हे वाक्य आपल्या कॅन्टीनमध्येही ऐकू येतं. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच पद्धत आहे. मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांची मतं गेली. त्यामुळे पक्षांचे बालेकिल्ले तयार होतात आणि तिथला मतदार म्हणतो, कशाला जायचं? २०२४ साली मँचेस्टर रशोम या मतदारसंघात फक्त ४० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. लेबरचा बालेकिल्ला, विद्यार्थ्यांची आणि भाडेकरूंची मोठी वस्ती. त्याच दिवशी लंडनजवळच्या हार्पेंडन अँड बर्कमस्टेड या सुखवस्तू मतदारसंघात ७५ टक्क्यांच्या आसपास. देश एक, दिवस एक, कायदा एक.

आणि याच निवडणुकीत लंडनच्या हेंडन मतदारसंघाचा निकाल १५ मतांनी लागला, पूल इथला १८ मतांनी. २०१७ साली स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये तर फक्त २ मतांनी. एखाद्या हॉस्टेलचा एक मजला ठरवू शकेल एवढा हा फरक आहे. गोची अशी, की आपला मतदारसंघ हेंडन आहे की रशोम, हे निकालाच्या आदल्या दिवशी कुणालाच खात्रीने माहीत नसतं.

मत न देण्याची किंमत मात्र दिसते. २०१० साली ब्रिटनमध्ये काँझर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं आघाडी सरकार आलं. लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग यांनी निवडणुकीआधी विद्यार्थ्यांना फी वाढू देणार नाही असा शब्द दिला होता. त्याच वर्षअखेर संसदेने मंजुरी दिली आणि २०१२पासून इंग्लंडमधल्या विद्यापीठांची कमाल फी ३ हजार पौंडांच्या थोडी वरून थेट ९ हजारांवर गेली. याच सरकारने पेन्शनरांसाठी ‘ट्रिपल लॉक’ आणलं. महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढी पेन्शन दर वर्षी वाढणारच. तेव्हापासून सरकारं बदलली, पंतप्रधान बदलले, कोविडमध्ये एका वर्षाचा अपवाद सोडला तर या हमीला हात लावायची हिंमत कुणाची झाली नाही. फी मात्र आणखी वाढली. २०२४च्या प्रचारात सुनक यांनी ज्येष्ठांना पेन्शनवर करसवलत देऊ केली आणि अठरा वर्षांच्या मुलांना काय? सक्तीची राष्ट्रीय सेवा!

यात नेते दुष्ट आहेत असं नाही. जो दारात रांग लावतो त्याचं ऐकलं जातं, इतका साधा हिशोब आहे. तरुण मत देत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी कुणी काही बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून तरुण मत देत नाहीत. हे चक्र तोडायचं कुठून?

सोळाव्या वर्षी मत?

जुलै २०२५मध्ये स्टार्मर सरकारने एक उत्तर जाहीर केलं. संसदेच्या निवडणुकीसाठी मतदानाचं वय १८वरून १६ करायचं. १९६९च्या कायद्याने ते २१वरून १८ केलं होतं (आपल्याकडे हा बदल व्हायला १९८९ उजाडलं). सोबत आणखी दोन घोषणा झाल्या, ज्यांची चर्चा कमी झाली. बँकेचं कार्ड ओळखपत्र म्हणून चालवायचं, आणि मतदार नोंदणी हळूहळू आपोआप होईल अशी व्यवस्था उभी करायची.

विरोधक म्हणतात, सोळाव्या वर्षी लग्न करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, मग मत कसं? शिवाय लेबरला आपला फायदा दिसतोय म्हणून हे चाललंय. हे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण एक अनुभव त्यांच्यासमोर आहे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या २०१४च्या सार्वमतात १६-१७ वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा मत मिळालं. एकूण मतदान ८४.६ टक्के झालं. नंतरच्या पाहणीत १६-१७ वयोगटातल्या ७५ टक्के मुलांनी आपण मत दिल्याचं सांगितलं, तर १८ ते २४ गटात हे प्रमाण ५४ टक्के होतं. धाकटी भावंडं मोठ्यांच्या पुढे! कारण सोपं असावं. सोळाव्या वर्षी मुलं घरी असतात, शाळेत असतात, पत्ता एकच असतो. अठराव्या वर्षी घर सुटतं आणि यादीतलं नावही सुटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. कुठल्या वयाच्या किती लोकांनी मत दिलं याचे तिथले आकडे पाहण्यांमधून येतात, आणि लोक मत न देताही ‘दिलं’ म्हणून सांगतात. २०१७च्या निवडणुकीनंतर तरुणांची लाट आली म्हणून ‘यूथक्वेक’ हा शब्द ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द ठरवला. काही महिन्यांनी अभ्यासकांनी नीट तपासलं, तर तशा लाटेचा पुरावाच त्यांना सापडला नाही. त्यामुळे वय घटवलं की चक्र तुटलं, असं कुणी सांगितलं तर लगेच टाळ्या वाजवू नका. माझ्या मते त्या तीन घोषणांमधली सगळ्यात कंटाळवाणी वाटणारी, आपोआप नोंदणीची, हीच सगळ्यात मोठी आहे. हक्क कागदावर असणं आणि यादीत नाव असणं यातलं अंतर तीच कमी करू शकते.

तुमचं नाव कुठे आहे?

शिकायला ब्रिटनला जाणार असाल तर तिथल्या पत्त्यावर मतदार नोंदणी करता येते, ऑनलाइन. मतदान केंद्रावर आपला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. मतदानाच्या दिवसाच्या बारा कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत नोंदणी झाली पाहिजे. इकडची बाजू मात्र उलटी आहे. ब्रिटिश नागरिक परदेशात कितीही वर्षं राहिला तरी आता पोस्टाने मत देऊ शकतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय मतदाराला मत द्यायचं तर स्वतः मायदेशी यावं लागतं. म्हणजे लेस्टरमध्ये बसून तुम्ही तिथला खासदार निवडू शकता, पुण्याचा नाही.

आणि कुठेच जाणार नसाल तर? लातूरहून पुण्याला, सावंतवाडीहून मुंबईला शिकायला आलेल्यांनो, तुमची गोष्टही मँचेस्टरच्या मुलांपेक्षा फार वेगळी नाही. आपल्याकडे नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. घरचा पत्ता की हॉस्टेलचा, एक निवडावा लागतो. पण अठरा पूर्ण झाल्यावर नाव नोंदवायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. फॉर्म नंबर ६. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच यादी उघडून बघा. पुढच्या वेळी कुणी ‘आजची तरुणाई मतदानाबाबत उदासीन’ असं म्हणालं, तर त्याला टक्केवारी कशाची ते नक्की विचारा. पण विचारण्याआधी यादीत तुमचं नाव असू द्या.